दात दिसले की माल पास

पाटी सपाट होती, सगळा घोटाळा तिथे झाला. एरवी मिस्त्रीच्या हाताखालून जायचं ते सगळं गोल: करंडक, दाराच्या मुठी, घंटा, जिन्याच्या कठड्यावरचे गोळे. गोल पितळेत तोंड कसंही दिसलं तरी कोणी ते मनावर घेत नाही. करंडकाच्या पोटात नाक वांग्याएवढं दिसलं म्हणून कोणी नाकाच्या डॉक्टरकडे धावत सुटत नाही. पॉलिशच्या त्या कारखान्यात माल तपासायची एक रीत होती. चाकावरून उतरवलेला नग मऊ कापडाने पुसायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, त्यात बघून ओठ मागे ओढायचे आणि दात विचकायचे. दातांमधल्या फटी सुट्या सुट्या दिसल्या की माल पास. नुसती पांढरी पट्टी दिसली तर नग परत चाकावर. ही रीत आपल्या वडिलांनी घातली असं मिस्त्री सांगायचा, आणि त्यांच्या आधी पितळ कसं तपासत असं कोणी विचारलं तर म्हणायचा, त्यांच्या आधी पितळच नव्हतं. त्या सकाळी नव्याने निघणाऱ्या एका दवाखान्याची पाटी चाकावरून उतरली. त्याने ती पुसली, खिडकीकडे धरली, सवयीने दात विचकले, आणि पाटीतून एका म्हाताऱ्या घोड्याने त्याच्याकडे बघून दात विचकले.

त्याने ओठ मिटले. मग पुन्हा ओढले. घोडा हलला नव्हता. फटी स्वच्छ दिसत होत्या, हवं तर त्यांतून पलीकडचं बघता आलं असतं, पण दात होते त्याहून फार लांब होते आणि वरच्या बाजूला, जिथे गुलाबी असायला हवं तिथे, पिवळे होते. शेजारच्या चाकावर काम करणाऱ्याला सगळे टोपी म्हणत, कारण ती काढल्यावर खाली काय आहे हे कोणी पाहिलं नव्हतं. टोपीने चाक थांबवलं.

"काय झालं? नाव उलटं कोरलंय का?"

"पाटी वाकली आहे."

टोपीने पाटी हातात घेतली, टेबलावर पालथी घातली, चारही कोपरे अंगठ्याने दाबून पाहिले. एकही कोपरा उचलला नाही. "सपाट आहे हो मिस्त्री. वाकलंच असेल काही तर तोंड वाकलं असेल."

"माझं तोंड गेली इतकी वर्षं या कारखान्यात माल पास करतंय."

"म्हणूनच तर माल परत येतो," टोपी म्हणाला आणि त्याने चाक चालू केलं.

चाकाच्या घरघरीत मिस्त्रीला वडील आठवले. ते आठवायचे ते नेहमी पाठमोरे, हात वर करून काहीतरी घासत असलेले. एका मोठ्या सरकारी इमारतीच्या दारावर पितळेचं सिंहाचं तोंड होतं, कडी त्याच्या जबड्यात. ते रोज घासून लख्ख करायचं काम वडिलांकडे होतं. मिस्त्री लहान होता तेव्हा त्या सिंहाला आयाळ होती. तो शाळेत जायला लागला तोवर आयाळ झिजली आणि सिंहाचं मांजर झालं. पुढे कान गेले, मिशा गेल्या, मांजराचा उंदीर झाला. वडील निवृत्त झाले तेव्हा दारावर एक गुळगुळीत गोळा उरला होता आणि त्यातून कडी लोंबत होती. नवीन आलेले साहेब विचारायचे, हा बटाटा इथे कोणी बसवला? इमारतीच्या नावाच्या पाटीचंही तेच झालं. अक्षरं आधी पातळ झाली, मग पुसट, मग पाटी नुसतीच चकाकायला लागली, आणि इमारतीचं नाव काय हे आता कुणालाच सांगता येत नाही. हे मिस्त्री जेव्हा सांगायचा तेव्हा लोक हसायचे आणि तोही हसायचा. पण वडिलांनी शिकवलेलं तो हसण्यावारी नेत नसे. घासायचं ते हाताला रग लागेपर्यंत. मळ कधीच जात नाही, तो फक्त मागे सरतो, आणि म्हणून त्याच्या मागे जायचं. वडील दातसुद्धा असेच घासत, मूठ आवळून, आरशाकडे न बघता, कोपर वर-खाली होऊन भिंतीवर सावली नाचायची. वारले तेव्हा त्यांचा एकूण एक दात शाबूत होता. इतका शाबूत आणि इतका लांब, की ओठ त्यांच्यावर मिटेनात. बघायला आलेले म्हणाले, भाग्यवान माणूस, हसत गेला.

पाटी पुन्हा चाकावर धरण्यात अर्थ नव्हता. ती पास होती. तरी त्याने तिच्यावर कापड फिरवत वेळ काढला. तो पिवळा रंग त्याच्या ओळखीचा होता. बऱ्याच काळापासून मिस्त्री त्याच्या मागावर होता. कधीतरी सुळ्याच्या मुळाशी एक पिवळी रेघ दिसली होती. मळ, त्याने ठरवलं, आणि ब्रश बदलला. दुकानात गेला की तो सगळ्यांत कडक ब्रश मागायचा, इतका की दुकानदार म्हणायचा, काका, बुटांचा देऊ का? रेघ गेली नाही. ती रुंद झाली. मग त्याने पेस्टमध्ये चिमूटभर खडूची भुकटी मिसळायला सुरुवात केली, तीच, जी चांदीच्या नगावर शेवटचा हात फिरवायला ते वापरत. रेघ आणखी रुंद झाली. मळ मागे सरतोय, तो म्हणायचा, आणि मागे जायचा. थुंकीत लालसर काही दिसलं तर त्याला बरंच वाटायचं, जसं चाकाखाली काळा चिखल निघायला लागला की वाटतं, आता खालचं खरं पितळ वर येणार. गार पाणी प्यायला की एक कळ डोक्यात चढायची. ती त्याने वयाच्या खात्यावर टाकली होती. वयाच्या खात्यावर काहीही टाकता येतं, ते कधी भरत नाही.

दुपारी पाटी बसवायला तो स्वतः निघाला. खरं तर ते टोपीचं काम, पण त्याला घरी जायचं नव्हतं. घरी बायको आडवी होती. अर्धांग होऊन तिचा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकदम गेलं होतं. बोलण्यातला एकच शब्द मागे राहिला होता, हो. सगळ्याला हो. भूक लागली का? हो. पोट भरलं का? हो. मी कोण, ओळखलंस? हो. मी राजा आहे ना गं या घरचा? हो. आधी त्या हो वर घरात रडू यायचं, मग हळूहळू तिच्याकडे कोणी लक्ष देईना, जसं बंद पडलेल्या घड्याळाकडे कोणी वेळ बघायला जात नाही. आता तिने खाणं सोडलं होतं. चमचा ओठाशी नेला की ती दात आवळून मान भिंतीकडे वळवायची. पाणी दिलं तर ते ओठांच्या कडेने गळून उशी ओली व्हायची. डॉक्टर येऊन गेले, गिळता येतंय म्हणाले, घशात काही अडकलेलं नाही म्हणाले, आणि जाताना दाराशी हळू आवाजात म्हणाले की काही पेशंट मनानेच ठरवतात. उद्या सकाळी तिला नेऊन नाकातून नळी घालायची होती. नळी एकदा गेली की अशा माणसाची ती सहसा निघत नाही, हेही ते म्हणाले होते. मुलीने ते ऐकलं आणि आत जाऊन भांडी घासायला लागली, जी घासलेलीच होती. आजोबांवर गेली होती. मिस्त्री मात्र ते वाक्य घेऊन फिरत होता. मनानेच ठरवतात. काय ठरवलं असेल तिने? या माणसाबरोबर पुरे झालं, असं? बोलत होती तेव्हा 'पुरे' हा तिचा लाडका शब्दच होता. त्याची गोष्ट रंगात आली, सिंहाचा उंदीर झाला, की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, पुरे. पण म्हणताना हसायची, आणि हसली की तिचा वरचा एक वाकडा दात आधी बाहेर यायचा, दाराआडून कोणी डोकावल्यासारखा, आणि मग बाकीचे. त्या दातापायीच त्याने लग्न केलं असं तो सांगायचा. इतर सगळे नग एका ओळीत आणि हा एकटाच पुढे उभा. अशा माणसावर नजर ठेवायला कोणीतरी घरात असलेलं बरं.

तिचं सगळं दुसरेच करत. अंग पुसायला, कूस बदलायला दिवसाची बाई होती, रात्रीचं मुलगी बघायची. त्याला ते जमत नसे. पण दात घासणं त्याने कोणाला करू दिलं नाही. ते त्याचं होतं. सकाळी कामावर जायच्या आधी तो तिच्या गळ्याखाली टॉवेल खोचायचा, भांडं धरायचा आणि मूठ आवळून कामाला लागायचा. तिचा ओठ डाव्या बाजूनेच नीट उचलला जायचा, जिवंत बाजूने, म्हणून तिथे हात चांगला चालायचा. वाकडा दात त्याच बाजूला होता. तो पुढे असल्यामुळे ब्रश आधी त्यालाच लागायचा. त्याच्यावरही पिवळी रेघ आली होती. मिस्त्रीने ती केव्हाच पाहिली होती आणि तिच्यासाठी खडूची भुकटी कारखान्यातून पुडीत बांधून आणली होती, अगदी बारीक चाळलेली. "लागतंय का गं?" तो मधेच विचारायचा, कारण विचारायचं असतं. "हो," ती म्हणायची. "तू काय, सगळ्यालाच हो," तो म्हणायचा आणि घासत राहायचा. तिच्या डोळ्यातून पाणी यायचं, ते कानशिलावरून कानात उतरायचं, आणि तो टॉवेलच्या टोकाने ते टिपायचा. त्याला वाटायचं, लाज वाटत असेल. आपलं तोंड दुसऱ्याच्या हातात, कोणाला वाटणार नाही? एकदा दिवसाची बाई म्हणाली होती, "ब्रश राहू द्या, मी बोटाला फडकं गुंडाळून पुसत जाईन." "बोटाने काय निघतं?" तो म्हणाला होता. बाईने पुन्हा विषय काढला नाही. तिला कामाचं घर बदलायचं नव्हतं.

दवाखान्याला अजून नव्या रंगाचा वास होता. दातांची डॉक्टरीण त्याच्या मुलीपेक्षाही लहान दिसत होती आणि स्टुलावर चढून स्वतःच बल्ब लावत होती. त्याने भिंतीला भोकं पाडली, पाटी बसवली, कापडाने पुसली, आणि ती बघतेय हे ध्यानात न येता सवयीने दात विचकले. घोडा आलाच. डॉक्टरीण स्टुलावरून उतरली.

"काका, हे काय करताय?"

"माल तपासतोय."

"पुन्हा करा."

तो ओशाळला. तिने त्याला उजेडाकडे वळवलं. "या, आत बसा. खुर्ची वर-खाली होते का तेही बघायचंय मला. पहिले पेशंट तुम्ही."

"मला काही होत नाहीये."

"उत्तम. पहिल्याच पेशंटला काही होत नसलेलं बरं, मी आधीच घाबरले आहे."

खुर्चीवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, ते त्याच्या पाठीखाली कुरकुरलं. खुर्ची मागे झुकत गेली, छत समोर आलं, दिवा डोळ्यांवर. आडवं पडून वर बघणं किती वेगळं असतं, त्याच्या मनात आलं. माणसांच्या नाकपुड्या दिसतात, हनुवट्या दिसतात, आणि त्यांच्या हातात काय आहे ते दिसत नाही. डॉक्टरणीने छोटा आरसा फिरवला. तोंडात काहीतरी टोचलं, खरवडलं. ती स्वतःशीच हुंकारत होती, तोही असाच हुंकारायचा, एखादा नग वाईट अवस्थेत आला की. "तंबाखू?" त्याने नाही म्हणून मान हलवली. "झोपेत दात खाता? घरचे सांगतात?" मान. "कीट साचून हिरडी सुजते आणि मग खाली उतरते, बहुतेकांचं तसंच असतं. तुमच्यात कीट नावालाही नाही. इतकं स्वच्छ तोंड मी शिकतानासुद्धा पाहिलं नाही. काळजी वाटावी इतकं स्वच्छ." मग ती म्हणाली, "आता जरा गार लागेल," आणि एका नळीतून त्याच्या सुळ्याच्या मुळाशी वाऱ्याची एक बारीक फुंकर सोडली.

कळ डोक्यात चढली. नेहमीची ती कळ नव्हती, ती तर हिची धाकटी बहीण. ही डोळ्यामागे गेली, कवटीच्या आतून फिरली, मानेत उतरली, आणि पायाची बोटं ताठ झाली. त्याला ओरडायचं होतं, पण तोंडात आरसा होता, डॉक्टरणीचं बोट होतं, गालात कापसाची गुंडाळी होती. घशातून नुसता एक आवाज निघाला, ज्याला काहीच अर्थ नव्हता. "लागलं?" तिने विचारलं. तो तसाच आवाज पुन्हा निघाला. आणि मग डाव्या डोळ्यातून पाणी आलं. ते गालावर आलं नाही. तो आडवा होता, म्हणून ते कानशिलावरून खाली सरकलं, केसांत शिरलं, आणि गार होत कानात उतरलं.

त्या पाण्याची वाट त्याला माहीत होती. केस कुठे ओले होतात, कानाच्या पाळीशी थेंब कुठे थांबतो, टॉवेलचं टोक कुठे लावायचं, सगळं माहीत होतं. तो छताकडे बघत राहिला. छताला एका कोपऱ्यात रंगाचा ओघळ तसाच राहून गेला होता. डॉक्टरीण बोलत होती. ब्रश मुठीत धरता ना? मला वाटलंच. हा पिवळा मळ नाही काका, हे दाताचं मूळ आहे, त्याचा रंगच असा असतो. त्याच्यावर कवच नसतं. ते हिरडीखाली झाकून राहायला केलेलं असतं, तुम्ही ते उघडं पाडलंत, आणि आता ते घासलंत की झिजतं. तिचा आवाज लांबून येत होता, जसा आजारी माणसाला बाहेरच्या खोलीतला येतो. हो, त्याच्या मनात घुमत होतं. हो. हो. भूक लागली का, हो. लागतंय का, हो. त्या सगळ्या हो मध्ये एक खरं होतं, रोज सकाळी, कामावर जायच्या आधी, आणि ते त्याने बाकीच्यांबरोबर भंगारात टाकलं होतं. तिने खाणं सोडलं नव्हतं. चमचा म्हणजे काय, तर तोंडाकडे येणारी आणखी एक वस्तू.

खुर्ची वर आली. त्याने तोंड पुसलं. "परत येते का हिरडी?"

"नाही," डॉक्टरीण म्हणाली. तिला असं सरळ सांगायची अजून सवय नव्हती, म्हणून तिने पुढचं भरभर सांगितलं. "गेलेली येत नाही. आहे ती थांबवता येते. खालच्या या एका दाताला तोंडातल्या टाळूच्या कातडीची पातळ चकती काढून तिथे शिवता येईल, बसते ती चांगली. बाकीच्यांना मऊ ब्रश, मुळांवर लावायचं औषध, आणि हात हलका. पेन धरतो तसा धरायचा. हे बघा, अंगठ्याच्या नखावर टेकवून बघा आधी. नख पांढरं पडलं तर जास्त दाबलंत." तिने पुढे केलेला ब्रश त्याने नखावर टेकवला. नख पांढरं पडलं. पुन्हा टेकवला. पुन्हा पडलं. त्याला तो टेकवताच येत नव्हता. हात आपोआप दाबायचा, जसा एखादा माणूस कुजबुजायला जातो आणि ओरडतो.

"जमेल," ती म्हणाली.

"एखाद्याला बोलता येत नसेल," तो म्हणाला, "उठून इथे येता येत नसेल, तर त्याला कसं कळायचं?"

"त्याला कळतंच की. कळायचं असतं ते बाकीच्यांना." तिने त्याच्याकडे पाहिलं. "घरी आहे का कोणी?"

त्याने हत्यारं पिशवीत भरली. "बायको," तो म्हणाला. उद्या नळी घालणार आहेत, खात नाही म्हणून, हेही म्हणाला. बाकीचं म्हणाला नाही. डॉक्टरणीनेही विचारलं नाही. तिने कपाटातून एक ट्यूब काढून दिली, ही मुळांवर नुसती बोटाने टेकवा, चोळू नका, काही वेळ जाऊ द्या आणि मग कोमट काहीतरी देऊन बघा, गरम नको आणि गार तर नकोच. मी आठवड्याच्या शेवटी येऊन बघते, म्हणाली. बाहेर पडताना त्याला पाटी दिसली. भिंतीवर ती लखलखत होती आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस तिच्यातून सरळ जात होता, कोणीही ताणलं जात नव्हतं, कोणीही फुगत नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि रस्ता ओलांडला.

घरी मुलगी कामावरून येऊन तशीच बसली होती, गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नव्हतं. दिवसाची बाई चपला घालत होती. "आज पाणीसुद्धा नाही," बाई म्हणाली आणि गेली.

"बाबा, पिशवी भरली आहे मी," मुलगी म्हणाली. "सकाळी लवकर निघू. आणि तिथे तुमच्या गोष्टी नकोत, हं. मागच्या वेळी नर्सला सांगितलंत की आजोबांनी घासून घासून घंटेचा आवाज काढून टाकला."

"ती हसली होती."

"ती घड्याळाकडे बघत होती." मग तिचा आवाज बदलला. "आईला नकोच आहे ना काही? आपण उगाच नळ्या घालतोय."

त्याने सांगायला तोंड उघडलं, पण त्यात ती गोष्ट बसेना. आयुष्यभर ज्या तोंडातून नुसत्या थापा गेल्या त्यातून ही जायला तयार नव्हती. "सूप कोमट कर," तो म्हणाला. "अगदी कोमट. बोट बुडवून बघ." आणि आत गेला.

खिडकीतून संध्याकाळचा उजेड पलंगावर आला होता. तिने त्याला पाहिलं. नेहमीच्या जागी, मगात, ब्रश उभा होता, आणि तो मगाकडे गेला तेव्हा तिचा जबडा आवळला गेला. किती सहज दिसत होतं ते. गालाखाली एक गाठ उठली आणि चादरीवरची डावी मूठ मिटली. रोजच उठत असणार. त्याने कडक ब्रश घेतला, तिच्याजवळ बसला, तिची मूठ बोट बोट करून उघडली आणि ब्रश तिच्या हातात दिला. मग खाली वाकला, तोंड तिच्या हाताशी नेलं, आणि ओठ मागे ओढले.

ती बघत राहिली. तिला कळलं नसावं असं त्याला क्षणभर वाटलं; तिला सगळं कळतं हे पुन्हा एकदा शिकायला त्याला तेवढा क्षण लागला. ब्रश वर आला, थरथरत, हनुवटीला लागला, नाकाला लागला, मग दातांवर बसला. आणि तिने घासलं. हलका हात नव्हता तो. तिच्या त्या एका हातात इतका जोर असेल हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. पुढे-मागे, पुढे-मागे, मुळांवर, मूठ आवळून, थेट त्याच्यासारखं. रोज सकाळी बघून बघून ती शिकली होती. कळ डोक्यात चढली, डोळ्यामागे फिरली. तो हलला नाही. घशातून आवाज निघाला, तोच, अर्थ नसलेला. तिने तो ऐकला, त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि घासत राहिली. मग थोड्या वेळाने थांबली. ब्रश चादरीवर पडला. पांढऱ्या चादरीवर ब्रशचे केस गुलाबी दिसत होते. तिच्या तोंडाची डावी बाजू किंचित वर गेली. ते हसू होतं की दम लागला होता, सांगता येत नाही.

मुलगी वाटी घेऊन दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. "हे काय चाललंय?" ती म्हणाली.

"ठेव तिथे," तो म्हणाला. त्याच्या ओठांवर लाल होतं. मुलीने वाटी ठेवली आणि ती दारातच राहिली.

त्याने ट्यूबमधलं औषध बोटाच्या टोकावर घेतलं. नखावर टेकवून पाहिलं. नख पांढरं पडलं. पुन्हा टेकवलं. "नुसतं टेकवणार आहे," तो तिला म्हणाला. तिचा जबडा आवळलेलाच होता. त्याने बोट ओठाशी नेलं. "लागतंय का?"

"हो," ती म्हणाली. अजून काही लागलेलंच नव्हतं.

त्याने हात मागे घेतला. मांडीवर ठेवला. तिने त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा हाताकडे, नवी वस्तू घरात आली की बघतात तसं. खिडकीतला उजेड पलंगाच्या पायथ्याकडे सरकला. तो बसून होता. घासायला काही नसलं की हातांचं काय करायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आणि मग, कोणी काही विचारलेलं नसताना, गालाखालची ती गाठ विरघळली आणि तिचा ओठ डाव्या बाजूने वर गेला.

वाकडा दात आधी आला. पूर्वी तो डोकावायचा. आता डोकावायला दारच उरलं नव्हतं. तो मुळापर्यंत उघडा होता, पिवळा, लख्ख, वर हिरडीची एक बारीक लाल कड आणि मुळाशी घासून पडलेली खाच, अशी खाच जी मिस्त्रीने पितळेत पाहिली असती तर कोणाचा हात आहे हे लगेच सांगितलं असतं. पलीकडचे दातही तसेच. चकाकत होते सगळे. फटी सुट्या सुट्या दिसत होत्या.

त्याने औषध टेकवलं, जमलं तितकं हलकं, आणि एकदा तिचा श्वास अडकला तेव्हा थांबला. ट्यूबवर जेवढं थांबा म्हटलं होतं त्याहून जास्त थांबला. मग चमचा सुपात बुडवला, आणि डाव्या बाजूने न देता उजवीकडून दिला, जिथे आता फारसं काही लागत नव्हतं. अर्धं ओठावरून ओघळलं. उरलेलं तिने तोंडात धरून ठेवलं, बराच वेळ, जणू आता त्याचं काय करायचं ते आठवत होती. मग गळ्यापाशी काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. दारात मुलीने हातातलं फडकं तोंडावर दाबलं.

"अजून देऊ?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

खरं होतं की नेहमीचं, कळायला मार्ग नव्हता. तो चमचा हवेत धरून तिच्या गालाखालच्या त्या जागेकडे बघत राहिला, गाठ उठते का ते.